नाकवाला ओच्यामे

माझ्या नवऱ्याला आता सगळा गाव 'नाकवाला ओच्यामे' म्हणतो. तोंडावर म्हणतात, माघारी म्हणतात, आणि हा मेला वर हसतो. मी नाही हसत. मी बाजारात टोमॅटो विकणारी बाई आहे. माझ्या माणसाला कोणी नावं ठेवली की माझा हात आपोआप सडक्या टोमॅटोच्या टोपलीकडे जातो.

त्याचं खरं नाव याव नीमाको. घानातल्या कुमासी शहरापासून तासाभरावर आमचं गाव, आणि आमच्या गावच्या नानांचा, म्हणजे राजांचा, तो ओच्यामे होता. नाना चारचौघांत थेट कोणाशी बोलत नाहीत, आणि त्यांच्याशीही कोणी थेट बोलत नाही. मध्ये ओच्यामे लागतो. नाना हळू आवाजात बोलणार आणि ओच्यामे ते दरबाराला ऐकवणार, पण साफसूफ करून. नाना म्हणाले, "या गाढवाला हाकला माझ्यासमोरून," तर याव सोनेरी मुठीची काठी जमिनीवर टेकवून म्हणणार, "नाना म्हणतात, पाहुण्यांची वाट लांबची आहे, त्यांनी उजेडातच निघावं." कडू घ्यायचं आणि गोड करून द्यायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या मामानं हेच केलं, मामाच्या मामानंही हेच. त्या काठीवर त्याचा जीव होता. माझ्यावर असेल, नाही असं नाही, पण काठीच्या खालोखाल.

आणि अशा माणसाला देवानं घोरणं दिलं. कसलं घोरणं बाई! आमच्या मागच्या आवारात मेथडिस्टांचं देऊळ आहे, तिथला पास्टर मला एकदा विचारत होता की तुम्ही पीठ दळायची गिरणी घातली का. घोरण्याचं मला काही नव्हतं. ते चालू असे तोवर मी निवांत. बंद पडलं की माझा जीव वर. छाती हलायची, पण हवा आत जायची नाही, आणि मग एकदम बुडता माणूस वर यावा तसा तो आ वासून श्वास घ्यायचा. हे ऐकत पडून राहणं मला सोसेना. मी मुलीच्या खोलीत झोपायला गेले.

दिवसा तो डुलक्या काढायचा. फुफूचा गोळा सूपमध्ये बुडवला की हात तिथेच राहायचा. घरात हे चाललं, पण एकदा दरबारात जमिनीच्या भांडणाचा निवाडा चालू असताना नाना बोलले आणि ओच्यामे गप्प. लोकांना वाटलं, शब्द शोधतोय. सगळे थांबले. मग तो घोरला. दरबारात हसत नाहीत आमच्याकडे. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं, आणि मी बायकांच्या रांगेत बसले होते ती तिथल्या तिथे मेले.

त्याच आठवड्यात मी त्याला ओढत कुमासीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. त्यांनी अंगाला तारा लावून झोपवलं आणि सांगितलं, झोपेत याचा घसा मिटतो, श्वास अडकतो, हृदयावर ताण येतो. हवा ढकलणारं यंत्र आहे, ते नाकावर मास्क बांधून रोज झोपताना लावायचं. किती दिवस? जन्मभर. आमची थोरली मुलगी तेमाच्या बंदरात नोकरीला आहे, तिनं यंत्राची सोय केली.

ते लावायला शिकवलं सिस्टर ओफोरिवा यांनी. ठेंगणी बाई, खांद्याला आपल्याहून मोठी पिशवी, आणि बोलणं चटपटीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आई, यंत्र देणं सोपं आहे. ते कपाटात जाऊ न देणं, हे माझं काम. माझ्या निम्म्या लोकांची यंत्रं कपाटात आहेत. मी घरी गेले की मला थंड माल्टची बाटली पाजतात, गोड गोड बोलतात, आणि यंत्र खोक्यात."

"आमचे हे तसले नाहीत," मी म्हटलं. बोलून गेले.

खरं सांगते, सुरुवातीचे दिवस म्हणजे सुखच. हा शांत झोपायचा. सकाळी उठून स्वतः अंगण झाडायचा, दरबारात त्याचा आवाज पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायचा. मी आपली उशी उचलून परत त्याच्या खोलीत आले. लाइट जायची तेव्हा जावई गाडीची बॅटरी जोडून द्यायचा. सगळं बरं चाललं होतं. आणि मग त्या सारपोंगनं त्याचे गाल बघितले.

सारपोंग म्हणजे दुसरा ओच्यामे, तरणाताठा, यावच्या हाताखाली शिकलेला. वाईट नाही पोरगा, पण जिभेला हाड नाही. सकाळच्या बैठकीत म्हणाला, "ओच्यामे, गालावर हे वळ कसले हो?" मास्कचे पट्टे घट्ट बसायचे, त्याचे वळ. दुसऱ्या कोणत्या गावात हा प्रश्न साधा असेल. पूर्वी उत्तरेकडून आणलेल्या गुलामांच्या गालांवर चरे असायचे, म्हणून आमच्यात गालावरचे वळ बघून म्हाताऱ्याकोताऱ्यांना आठवायला लागतं, कोणाची पणजी उत्तरेकडून कशी आणली होती आणि कोणी विकत घेतली होती. हे तोंडानं बोलायला बंदी आहे, म्हणून लोक नुसते बघतात. त्या दिवशी सगळे नुसते बघत राहिले. याव घरी आला आणि त्यानं मास्कचे पट्टे सैल केले.

पट्टे सैल केले तर हवा बाजूनं सुटणारच. ती फुस्स करून थेट माझ्या मानेवर यायची, गार. मला मानदुखी आहे. मी मानेवर पांघरूण ओढलं, लांब सरकले आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. त्यात एवढं काय, असं मला वाटलं.

मग अजोआ आली. अजोआ ही यावची बहीण, आणि आमच्यात नवरा बायकोचा नसतो, बहिणीच्या घराण्याचा असतो. जिवंतपणी त्याचं खाणंपिणं, औषधपाणी आम्ही बघायचं. मेला की देह त्यांचा. शनिवारची दुपार होती. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे हा दुपारच्या झोपेलाही मास्क लावून पडला होता, उताणा, पांढरा पंचा पांघरून. मी बाजारात. अजोआ भेटायला आली, तिनं दारातून बघितलं, भाऊ सरळ पडलेला, नाकाला नळी, खोलीत यंत्राची सूं सूं. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवून अशी आरोळी ठोकली की मला भाजी मंडईत ऐकू आली, म्हणजे कोणीतरी आणून सांगितली.

मी धावत आले तर अंगणात घराण्याचे वडील ओपानिन बाफी खुर्ची टाकून बसलेले. सुतकाची काळी-तांबडी कापडं नेसून माणसं जमलेली. याव खोलीतून उठून आला होता, मास्क गळ्यात लोंबत होता, आणि तो हात जोडून सांगत होता की मी जिवंत आहे. त्यांना ते दिसत होतं की! पण ओपानिन बाफी म्हणाले, "आज आहेस रे बाबा. नाकाला नळी लागली म्हणजे पुढचं कळतं आम्हाला. तयारी असलेली बरी."

"कसली तयारी?" मी विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस, सूनबाई. पोस्टरवर फोटो कुठला लावायचा एवढंच चाललंय. काठी हातात असलेला आहे का एखादा?"

इतका संताप आला मला! औषधाला यातल्या एकानं कधी विचारलं नाही, पण मरणाच्या पोस्टरला फोटो हवा. मी टोपली आपटून सगळ्यांना हाकललं. नंतर सगळा गाव महिनाभर हसला. पोरं रस्त्यात त्याला बघून नाक चिमटीत धरायची आणि सूं सूं करायची. मीही हसले, काय खोटं सांगू. रडण्यापेक्षा बरं म्हणून हसले. याव हसला नाही. त्यानं यंत्र पुसलं, खोक्यात घातलं, आणि कपाटात माझ्या अंत्यविधीला नेसायच्या कापडांच्या मागे सारलं.

मी भांडले. आदळआपट केली. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "उद्यापासून." सिस्टरचा फोन यायचा तेव्हा मात्र त्याची वाणी ऐकावी! "सिस्टर, तुमच्या यंत्रानं मला नवा जन्म दिला. रोज तुमच्या हातांना आशीर्वाद देतो." एकही शब्द तसा खोटा नाही आणि एकही खरा नाही. घोरणं परत आलं. श्वास अडकणंही आलं. मी दुसऱ्या खोलीत गेले नाही, भीती वाटायची. पडल्या पडल्या त्याला कोपरानं ढोसत राहायचे.

आणि मग काठी पडली.

शेजारच्या गावचे राजे आले होते. नगारे, छत्र्या, सगळा थाट. याव नानांच्या वतीनं स्वागताचं बोलत होता, उभ्यानं. वाक्याच्या मधेच थांबला, पापण्या मिटल्या, आणि काठी हातातून सुटून फरशीवर पडली. मुठीचा सोन्याचा पत्रा उडाला. नानांची काठी जमिनीवर पडणं म्हणजे नानांचा शब्द जमिनीवर पडणं. त्याच दिवशी मेंढा कापून शुद्धी करावी लागली. पाहुण्यांसमोर. मी मान वर केली नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याच्या कडेकडेनं आलो, चोरी करून आल्यासारखे.

नानांचा निरोप घेऊन सारपोंगच आला. पुढच्या अक्वासीदाएला, म्हणजे पूर्वजांच्या रविवारी, यावनं दरबारात येऊन काय दुखणं आहे ते सांगायचं. निरोप देऊन झाल्यावर तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मलेरिया म्हणा. मलेरिया कोणाला होत नाही? मी असं सांगेन नानांना की विषय तिथेच मिटेल. यंत्राचं नाव काढू नका. जुनी मंडळी टपून बसलीत. ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही तो नानांचा शब्द काय घेणार, असं म्हणतायत."

तो गेल्यावर मी सिस्टरना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन हजर. मी माल्ट पुढे केलं तर म्हणाल्या, "नको आई. माल्ट बघितलं की मला कपाट आठवतं."

यंत्र बाहेर काढलं. त्या रागावल्या नाहीत. नळी झटकली, मास्क उलटापालटा करून बघितला. म्हणाल्या, "पट्टे एवढे सैल? ओच्यामे, काय त्रास होत होता?"

"त्रास कसला? आपण दिलेल्या वस्तूत..."

"हे फोनवर ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. मी काही नाना नाही."

याव म्हणाला, "सिस्टर, मी जन्मभर दुसऱ्याचं बोललोय. माझं स्वतःचं कसं बोलायचं ते मला येत नाही. ओच्यामेला ओच्यामे नसतो."

"आहे की समोर बसलेली," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही आईंच्या कानात सांगा. आई मला सांगतील. फक्त आई, गोड करायचं नाही."

मला हसू आलं. म्हटलं, आता हे नाटक. पण त्यानं खरंच खुर्ची ओढली, माझ्या कानाशी वाकला, तोंडावर हात धरला, जसा नानांच्या शेजारी वाकतो तसा. आणि बोलला. मी पहिलं सांगितलं: "ओच्यामे म्हणतात, गालावरच्या वळांची लाज वाटत होती. म्हणून पट्टे सैल केले."

सिस्टरनी मान हलवली. तो पुन्हा वाकला. "ओच्यामे म्हणतात, बहिणीनं गळा काढला, लोक हसले, ते सहन झालं असतं."

मग तो पुन्हा वाकला, आणि त्यानं जे सांगितलं ते माझ्या तोंडून निघेना. सिस्टर म्हणाल्या, "सांगा ना आई."

मी म्हटलं, "ओच्यामे म्हणतात, बायको परत खोलीत आली म्हणून आनंद झाला होता. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. ओच्यामे म्हणतात... म्हणतात, तिला माझं तोंड बघवत नाही. तिला मी मढ्यासारखा दिसतो. गावाची लाज सोसली असती. तिची सोसवली नाही."

देवा! त्या क्षणाला जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. आधी राग आला, एवढा की हातात टोमॅटो असता तर त्यालाच मारला असता. "अरे मूर्खा," मी ओरडले, "हवा! ती हवा माझ्या मानेवर येत होती! गार! माझी मान दुखते हे तुला ठाऊक नाही? एकदा विचारायचंस तरी!" आणि मग रडूच कोसळलं. माणूस माझ्या शेजारी रोज लाजेनं मरत होता आणि मी मानेला मलम चोळत होते. बाहेर सगळ्या जगाशी भांडले मी, आणि त्याला एकदा विचारलं नाही की बाबा, का रे काढून ठेवलंस? नुसती भांडले. याव माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हवा?"

"हवा!"

सिस्टर पिशवीतून दुसरा मास्क काढत होत्या, नाकाच्या खाली बसणारा, गालाला पट्टा न लागणारा. त्यांनी त्याला पलंगावर आडवं केलं, कारण म्हणे पट्टा बसून लावला आणि माणूस झोपला की सैल होतो. मला त्याच्या शेजारी आडवं व्हायला लावलं. या वयात, परक्या बाईसमोर! हवा येते का, विचारलं. नव्हती येत.

जाताना मी त्यांना सारपोंगचा सल्ला सांगितला, मलेरियाचा. मला तो पटला होता. काठीही राहील, यंत्रही राहील. सिस्टर म्हणाल्या, "नाना दौऱ्यावर जातात ना? दुसऱ्या गावी मुक्काम असतो? मग यंत्र कुठे असेल? मी एवढी वर्षं हेच बघते, आई. जे लपवायचं असतं ते घरी राहतं. एकदा राहिलं की मग सुटतंच. पण काठी तुमची आहे, ठरवायचं तुम्ही."

अक्वासीदाए उजाडेपर्यंत तो रोज यंत्र लावून झोपला. चेहरा उजळला होता. मी म्हणत होते, आता मलेरिया म्हण आणि मोकळा हो. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दरबार भरला. मी बायकांच्या रांगेत. यावनं कापड खांद्यावरून खाली घेतलं, पायातल्या चपला काढल्या. नाना चार पावलांवर बसलेले, पण मध्ये सारपोंग, नवी काठी घेऊन. याव त्याला म्हणाला, "ओच्यामे, ऐका आणि नानांच्या कानावर घाला. झोपेत माझा श्वास अडकतो. मी नाकाला नळी बांधून झोपतो. ती नव्हती म्हणून काठी पडली. ती मी मरेपर्यंत बांधणार आहे, घरी आणि परगावी, आणि नानांच्या मुक्कामातही."

सारपोंगच्या कपाळावर घाम. तो नानांकडे वळला, काठी टेकवली, आणि शिकवल्याप्रमाणे गोड केलं: "नाना, आपला सेवक म्हणतो, त्याला थोडा थकवा होता, आता..."

"सारपोंग," याव म्हणाला. मोठ्यानं नाही. "मी म्हटलं तसंच सांग."

दरबारात असं कोणी ओच्यामेला टोकत नाही. सारपोंगनं माझ्याकडे बघितलं, का कोण जाणे. मग त्यानं शब्दाला शब्द सांगितलं. नळीसकट. मी नेसल्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. मागे कोणीतरी बाई नाकातून सूं सूं केल्यासारखं हसली.

नाना बराच वेळ सारपोंगशी बोलत होते. शेवटी सारपोंग वळला. त्याचे डोळे भरले होते. "नाना म्हणतात, याव नीमाकोनं नानांच्या शब्दाची सेवा केली. नाना म्हणतात, म्हाताऱ्या झाडाखाली आता त्यानं विसावा घ्यावा." एवढं गोड कोणी करून सांगितलं की काय समजायचं ते यावला कोणी सांगायला नको होतं. त्यानंच शिकवलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि वळला.

मधल्या वाटेनं लोक बाजूला सरकले, आजाऱ्याला वाट देतात तसे. रीत अशी की बायकोनं मागून यावं, किंवा मागच्या दारानं निघून जावं. मला मागचं दार दिसत होतं, जवळच होतं. लाज एवढी वाटत होती की पाय तिकडेच ओढत होते. पण मी रांगेतून उठले आणि त्याच्या शेजारी गेले. त्याचा रिकामा हात नुसता लोंबत होता, काठी नसल्यावर त्याला ठेवायला जागा सापडत नव्हती. मी तो धरला. असं आमच्यात चारचौघांत धरत नाहीत.

फाटकाशी तो पुटपुटला, "अफुआ, मान वर कर. मेलो असतो तर याच्या दुप्पट गर्दी जमली असती, आणि तुला सगळ्यांना जेवण घालावं लागलं असतं."

मान काही मला वर करता आली नाही. तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. पण घरापर्यंत मी त्याच्या शेजारून चालले, भर रस्त्याच्या मधून.